घेतलेले तास

विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्याआधी आठ-दहा दिवस, उन्हाची काहिली अजून ओसरलेली नसताना, रिकाम्या शाळेत बसून वेळापत्रक तयार करावं लागतं. कन्हानच्या ज्या हायस्कुलात मी गणित शिकवतो, तिथं हे काम नोकरीच्या चौथ्याच वर्षी माझ्याकडे आलं. गणिताचा माणूस, त्याला जमेल, असं मुख्याध्यापक म्हणाले. मला ते जमलंही. मोठा तक्ता, पट्टी, टोकदार पेन्सिल आणि खोडरबर. सकाळचे पहिले तीन तास गणित, विज्ञान आणि इंग्रजीला. मग मराठी, हिंदी, समाजशास्त्र. हे सगळं शाईनं पक्कं झालं की उरलेल्या घरांत चित्रकला बसवायची. एक तास बुधवारी जेवणाच्या सुटीनंतर, दुसरा शनिवारी शेवटचा. ही दोन घरं मी शाईनं कधीच भरली नाहीत, ती पेन्सिलीतच ठेवली. दिवाळीनंतर नववी-दहावीच्या तक्त्यात तिथं काय लिहायचं ते मला जूनमध्येच माहीत असायचं.

दिवाळीची सुटी संपली की ते दोन्ही तास गणिताचे होत. दहावीचं वर्ष आहे, अभ्यासक्रम मागं आहे, सराव परीक्षा तोंडावर आहे, या कारणांपुढं कोणी बोलत नसे. पालकसभेत आईवडील हात जोडून म्हणायचे, सर, तुम्ही पोरांसाठी जास्तीचे तास घेता, उपकार आहेत तुमचे. 'तास घेणं' याचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात. एक शिकवण्याचा, दुसरा कुणाकडून काढून घेण्याचा. पालक पहिल्या अर्थानं बोलत होते. दुसऱ्या अर्थानंही मी तेच करत होतो, हे मला बावीस वर्षं जाणवलं नाही.

आता हिशेब करतो. दिवाळीपासून परीक्षेपर्यंत साधारण १४ आठवडे. आठवड्याला दोन तास धरले तर एका वर्गाचे वर्षाला २८ तास. बावीस वर्षांचे ६१६. पस्तीस मिनिटांचा तास धरला तर साडेतीनशेहून जास्त घड्याळी तास, आणि हे फक्त एका तुकडीचे. हा हिशेब मला कोणी मागितलेला नाही. पण माझ्याजवळ दुसरं माप नाही, म्हणून यानंच मोजतो.

मी हे दुष्टपणानं करत होतो असं नाही. माझं मत पक्कं होतं, आणि शिक्षकांच्या बैठकीत मी ते उघडपणे मांडत असे. हायस्कुलात कला सक्तीची नको. ज्याला आवड असेल तो शिकेल. कला काय मारूनमुटकून येते का? खरा कलावंत असेल तो आपली वाट काढतोच, आपल्या लाखनीच्या भाऊ समर्थांना कोणी सक्ती केली होती, असं मी ठासून विचारायचो. भाऊ समर्थ भंडारा जिल्ह्यातल्या लहानशा गावात जन्मले आणि नागपूरचे मोठे चित्रकार झाले, एवढीच माझी त्यांच्याबद्दलची माहिती. त्यांचं एकही चित्र मी तेव्हा नीट पाहिलेलं नव्हतं.

दुसरं कारण कन्हान. हे गाव ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. एका बाजूला कन्हान नदी, एका बाजूला मुंबई-हावडा रेल्वेमार्ग, मधून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि आजूबाजूला वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, कोळसा खाणी. माझ्या वर्गात खाणीतल्या मजुरांची मुलं, रेतीच्या ट्रकवर जाणाऱ्यांची मुलं, आणि जे कारखाने एकेक करून बंद पडले त्यांतल्या कामगारांची मुलं. बाप तिसऱ्या पाळीहून सकाळी येऊन झोपतो, म्हणून पोरगा शाळेत येईपर्यंत घरात मोठ्यानं बोलत नाही. अशा पोराला दहावीत गणितात ३५ मिळाले तर आयटीआयचं दार उघडतं, ६० मिळाले तर पॉलिटेक्निकचं. त्याच्या हातात मी ब्रश देऊ की प्रमेय? हा प्रश्न मला तेव्हा प्रश्न वाटतच नव्हता. आजही त्यातली काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही.

आमचे चित्रकलेचे सर कामठीहून सायकलनं पूल ओलांडून येत. कलाशिक्षकाची पदविका, एटीडी, झालेले, मितभाषी. दिवाळीनंतर तास गेला की ते ग्रंथालयात जाऊन बसत किंवा स्नेहसंमेलनाचे फलक रंगवत. माझ्याशी ते त्यावरून फक्त एकदा बोलले. शिक्षकखोलीत चहा चालला होता आणि मी नेहमीचं वाक्य म्हणालो, "ज्याला आवड असेल तो शिकेल जी."

त्यांनी कप खाली ठेवला. "सर, तुमचं गणित ज्याला आवडते तोच शिकते का?"

मी हसून वेळ मारून नेली. त्या दिवशी घरी जाताना मात्र राग आला, कारण उत्तर नव्हतं. गणित आम्ही सगळ्यांना शिकवतो. आवड विचारत नाही. शिकता शिकता कुणाला आवड लागते, कुणाला लागत नाही, पण निदान गणित म्हणजे काय ते प्रत्येकाला कळतं. रामानुजन घडावा म्हणून कोणी आठवीला बीजगणित लावत नाही. मग चित्रकलेनंच भाऊ समर्थ घडवून दाखवावा, नाहीतर तास सोडावा, ही अट मी कुठून आणली होती? हे सगळं मला कळलं ते फार नंतर. त्या दिवशी फक्त राग आला होता.

मग गुण आले. शासकीय रेखाकला परीक्षेत, म्हणजे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटमध्ये, मिळवलेल्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला धरायचं ठरलं. २०१७-१८ पासून इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. माझं मत एका रात्रीत बदललं. त्याला मतबदल म्हणायचं की नाही, ठाऊक नाही. ७ गुण म्हणजे टक्केवारीत सव्वा टक्क्याहून जास्त, हे मी वर्गात फळ्यावर मांडून दाखवलं. त्या वर्षी मी स्वतः चित्रकलेचे तास परत दिले, वर शनिवारचा एक जास्तीचाही दिला. सर खूश होतील असं वाटलं होतं. ते खूश झाले नाहीत.

तेव्हाच त्या परीक्षेचे पेपर मी पहिल्यांदा हातात घेतले. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि चौथा पेपर कर्तव्य भूमिती, घनभूमिती व अक्षरलेखन. कर्तव्य भूमिती! कंपास, गुण्या, स्पर्शिका, लंबवर्तुळ. मी इतकी वर्षं त्याच इमारतीत भूमिती शिकवत होतो आणि शेजारच्या खोलीत, ज्या तासाला मी वायफळ समजत होतो त्या तासात, भूमिती शिकवली जाते हे मला माहीत नव्हतं. कधी दार उघडून पाहिलंच नव्हतं.

गुणांचं पुढं काय झालं ते सांगायलाच हवं, कारण त्यावरून माझं दुसरं मतही कोसळलं. मुलं झुंडीनं परीक्षेला बसली. गावात शिकवण्या निघाल्या. स्मरणचित्राला विषय देतात, आठवणीतून प्रसंग काढायचा असतो. मुलांनी तीन चित्रं पाठ केली. बस थांबा, बाजार, पाऊस. प्रश्न कोणताही येवो, तीच छत्रीवाली बाई, तोच टोपीवाला म्हातारा, तोच पिशवी घेतलेला मुलगा. एका मुलाला विचारलं, हा बाजार कुठला रे? म्हणाला, "सर, हा परीक्षेतला बाजार हाये." आमच्या कन्हानला आठवडी बाजार भरतो, पोरगा दर आठवड्याला आईसोबत तिथं जातो, आणि स्मरणचित्रात त्याला तो आठवत नाही. ज्यांच्या घरी पोस्टर कलरच्या बाटल्या आणि शिकवणीची फी परवडत नव्हती ती मुलं तर परीक्षेला बसलीच नाहीत. अ श्रेणी मिळवलेल्या मुलांतल्या एकानंही अकरावीत पेन्सिल उचललेली मला माहीत नाही. काम झालं होतं. सर एवढंच म्हणाले, "पोरं पाहतच नाहीत आता. काढतात नुसते."

त्यांचं ते वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं.

सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. हे आमच्याच शाळेत झालं असं नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते, विद्यार्थ्यांच्या आकड्यावर ठरते, आणि त्या आकड्यांच्या ओढाताणीत कला, क्रीडा आणि कार्यानुभवाच्या जागा सगळ्यात आधी जातात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे की सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत शंभराहून जास्त मुलं असतील तिथं कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अर्धवेळ निदेशक असावेत. म्हणजे कायद्यानंच अर्धवेळ धरला आहे, आणि तोही आठवीपर्यंत. नववी-दहावीसाठी 'स्व-विकास व कलारसास्वाद' नावाचं पुस्तक आहे, विषय श्रेणीचा. श्रेणी आम्ही निकालपत्रकं भरताना एका बैठकीत देऊन टाकत असू. मीच देत असे. सगळ्यांना अ.

तर सर गेल्यावर त्यांचे तास अधिकृतपणे माझ्याकडे आले. आता घ्यायला दिवाळीचीही वाट पाहायची गरज नव्हती.

जुलैतली गोष्ट. रात्रभर पाऊस, कन्हान दुथडी भरून वाहत होती, नाल्यांना पाणी आलेलं. नववीच्या वर्गात अकरा मुलं. अकरा मुलांत नवं प्रकरण सुरू करता येत नाही, उद्या बाकीच्यांना पुन्हा शिकवावं लागतं. तास चित्रकलेचा. वेळ कसा घालवायचा म्हणून मी सरांचं कपाट उघडलं. आत एक लाकडी घन, एक शंकू, प्लास्टरचं टवका उडालेलं सफरचंद आणि एक पितळेचा गडवा. गडवा टेबलावर ठेवला आणि म्हणालो, काढा. मुलं गप्प बसली, वह्यांत डोकी घातली. त्या शांततेत मला करायला काही नव्हतं, म्हणून मीही एक कोरा कागद घेऊन खुर्ची मागं ओढली आणि काढू लागलो.

माझी रेघ चांगली आहे. फळ्यावर कंपासाशिवाय वर्तुळ काढलं तर मुलं टाळ्या वाजवतात. मी गडव्याचं तोंड काढलं, छान गोल. दोन्हीकडून मान, पोट, आणि खाली एक सरळ रेघ. टेबलावर ठेवलाय म्हटल्यावर बूड सपाट असणारच. काढून झाल्यावर ते काहीतरी चुकलं आहे एवढं कळलं, पण काय ते कळेना.

मागच्या बाकावरचा एक मुलगा पेन्सिलीला टोक करायला कचऱ्याच्या डब्याकडे आला होता. गणितात त्याला गेल्या वर्षी दोन्ही घटक चाचण्यांत एक आकडी गुण होते, आणि मी ते वर्गात वाचून दाखवले होते. तो माझ्या मागं थांबला. थोडा वेळ थांबलेलाच होता.

"सर, तोंड एवढं उघडं दिसते का तुम्हाले?"

मी गडव्याकडे पाहिलं. नव्हतं दिसत. चपटं, अरुंद दिसत होतं.

"मंग काहून गोल काढलं?"

मी म्हणालो, गोलच आहे ना ते. तो विचारात पडला, मग टेबलाजवळ गेला आणि उकिडवा बसला, डोळे गडव्याच्या काठाच्या रेषेत आणून. "इथं बसून पाहा सर. नुसती रेघ दिसते." मी खुर्चीवरून उठून त्याच्याशेजारी वर्गात जमिनीवर बसलो. खरंच, तोंडाची नुसती रेघ झाली होती. "आता हळूहळू उभे व्हा." मी उठत गेलो तसं ते तोंड उघडत गेलं. "आन् बूड सरळ नाही येत. तेही वाकते. तोंडाहून जास्त वाकते, ते अजून खाली हाये ना."

वर्तुळ तिरकं पाहिलं की लंबवर्तुळ दिसतं हे मला ठाऊक होतं. डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली जावं तितकं ते लंबवर्तुळ जास्त गोल होत जातं, हेही कुणी विचारलं असतं तर मी कागदावर सिद्ध करून दिलं असतं. पण पन्नाशी ओलांडेपर्यंत रोज गडव्यानं पाणी पिऊन मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं रे हे?"

"ड्रॉइंगच्या सरनं. सातवीत."

हाच तो प्रसंग. यापेक्षा मोठं काही घडलं नाही. त्या मुलाचे गणिताचे गुण यामुळे वाढले नाहीत, तो दहावी जेमतेम सुटला आणि आज भावाबरोबर गॅरेजमध्ये काम करतो. चित्रकार वगैरे झाला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण कलेची बाजू मांडताना लोक लगेच म्हणतात की कलेनं बुद्धी वाढते, गणित सुधारतं, एकाग्रता येते. असेलही. मला त्याचा पुरावा देता येत नाही आणि त्याची गरजही वाटत नाही. मी पाहिलं ते इतकंच की त्या अकरा जणांत एक गोष्ट नीट माहीत असलेला तो एकटा होता, आणि मला ती माहीत नव्हती. नऊ वर्षांच्या शाळेत त्याच्या वाट्याला असा तास किती वेळा आला असेल? आणि जे थोडे येणार होते तेही मी घेत आलो होतो.

त्या रात्री झोप लागली नाही. गणिताच्या तासाला मी मुलांना काय सांगतो ते आठवत राहिलो. भूमिती शिकवणारा प्रत्येक शिक्षक ते सांगतो. आकृतीवर जाऊ नका. कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून तो काटकोन नसतो. दिसतं ते धरायचं नाही, पक्षात काय दिलंय ते बघायचं. हे शिकवणं बरोबरच आहे, त्याशिवाय सिद्धता येत नाही. आणि शेजारच्या खोलीत ते सर बरोबर उलट सांगत होते. गडव्याचं तोंड गोल आहे हे तुला माहीत आहे, ते विसर. आता इथून, या बाकावरून काय दिसतं ते काढ. वाढत्या वयाच्या मुलाला दोन्ही सांगणारं कोणीतरी हवं. मी एकच बाजू शिकवली, आणि दुसरी शिकवणाऱ्याचा वेळ घेऊन शिकवली. 'पोरं पाहतच नाहीत, काढतात नुसते' याचा अर्थ मला तेव्हा लागला. मी जन्मभर नुसतं काढत आलो होतो.

त्यानंतर मी तो तास गणिताला वापरला नाही. मला शिकवता येत नव्हतं, म्हणून वस्तू ठेवायचो आणि मुलांबरोबर काढायचो. एकदा वर्गाला शाळेमागच्या मैदानात नेलं, तिथून खाणीच्या ओबीचा डोंगर दिसतो. ओबी म्हणजे कोळशावरची माती-दगड, खणून काढून रचलेली. आमच्याकडच्या मुलांना डोंगर म्हणजे तोच. एका मुलीनं तो जांभळा रंगवला. मी म्हणालो, अगं, माती करडी असते. ती म्हणाली, "संध्याकाळी तो जांभळाच दिसते सर. मी रोज पाह्यते." त्या संध्याकाळी मी थांबून पाहिलं. सूर्य डोंगराच्या मागं गेल्यावर पाचेक मिनिटं तो जांभळा असतो. खाणीतून उडणारी धूळ हवेत लोंबकळत असते, तिच्यामुळं असेल. या गावात माझी उभी हयात गेली आहे.

आणि एक गोष्ट चित्रकलेबाहेरची. आमच्या भागात खडी गंमत आहे. शाहीर, डफ, ढोलकी, बाईच्या वेशात नाचणारा पुरुष, रात्रभर उभ्यानं चालणारी गंमत. पारशिवनी, रामटेक, मौद्याकडच्या गावांत दिवाळीनंतर अजून रंगते. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आबाजी खडी गंमतीतले. हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं, कारण तो सांगत नसे. लाज वाटत असे. त्याला म्हटलं, आबाजींचा डफ आण. आणला, पण वाजवेना. म्हणाला, सर, आधी तापवावा लागते. शाळेच्या आवारात कागद-काटक्या पेटवून त्यानं डफ शेकला, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकत, पुन्हा शेकत. चाळीस मुलं गोल करून गप्प उभी होती. कातडं ताणलं की आवाज का चढतो, हे विज्ञानाच्या बाईंनी तिथंच सांगितलं. मुलगा वाजवत होता तेव्हा त्याची मान सरळ होती. वर्गात मी ती तशी कधी पाहिली नव्हती.

हे सगळं नवीन आहे असं नाही, मलाच नवीन होतं. १९३७ साली शेजारच्या वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि झाकिर हुसेन यांच्या समितीनं सात वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाचा आराखडा केला. आम्ही डीएड-बीएडला हीच 'नई तालीम' पाठ केली ती सूतकताई आणि हस्तोद्योग म्हणून. त्या आराखड्यात मातृभाषा, गणित, सामान्य विज्ञान यांच्या बरोबरीनं चित्रकला आणि संगीत होतं, हे मी पाठ केलं नव्हतं. जपानमध्ये नववीपर्यंत प्रत्येक मुलाला संगीत आणि चित्रकला शिकावी लागते, आणि जपानी मुलं गणितात मागं पडलेली नाहीत. आपल्याकडे २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं दहावीपर्यंत कला सक्तीची करा असं सांगितलं, २०२०चं धोरण आणि २०२३चा आराखडाही त्याच वाटेनं जातात. कागदावर सक्ती आहे. शाळेत एक माणूस पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसलेला असतो, आणि ती सक्ती तिथं येऊन संपते. तो माणूस मी होतो.

तरीही 'सक्ती' या शब्दाची माझी भीती पूर्ण गेलेली नाही. सक्ती म्हणून कुणाच्याही गळ्यात तास मारला तर तो फळ्यावर पोपट काढेल आणि पन्नास मुलं पन्नास पोपट उतरवतील. गुण ठेवले तर परीक्षेतला बाजार होईल, तो मी पाहिला आहे. म्हणून मी आता म्हणतो ती सक्ती मुलावर नाही, शाळेवर. आठवड्याला दोन तास, सकाळच्या वेळेत, दहावीच्या फेब्रुवारीपर्यंत, कोणीही न उचललेले. शिकलेला कलाशिक्षक, पूर्ण पगाराचा. कागद आणि रंग शाळेचे. गुण नाहीत. मुलानं त्या तासाला बसायचंच, पण तिथं काही जमलंच पाहिजे असं नाही. शहरातल्या मुलाला आवडीनं कला निवडता येईल. त्याच्या घरी कुणी गात असतं, शिकवणी कोपऱ्यावर असते, नागपुरात १८६३ पासूनचा अजब बंगला, म्हणजे संग्रहालय, आहे. कन्हानपासून तो वीस-बावीस किलोमीटर, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी तो पाहिलेला नाही. जे कधी समोर आलंच नाही त्याची आवड कशी असेल? ज्याला आवड असेल तो शिकेल, हे माझं वाक्य ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्या सोयीचं होतं. मी ते ज्यांच्याकडे नाही त्यांच्या काळजीपोटी म्हणत होतो. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

गेली तीन वर्षं तक्त्यात चित्रकला सोमवारी दुसऱ्या आणि गुरुवारी तिसऱ्या तासाला आहे, शाईनं. पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांनी विचारलं, पालक ओरडतील त्याचं काय? काही ओरडले. दहावीचा गणिताचा निकाल होता तिथंच आहे, वर नाही, खाली नाही. शिक्षक अजून मिळालेला नाही. मीच बसतो, शिकत शिकत.

मागच्या उन्हाळ्यात पूल ओलांडून कामठीला सरांच्या घरी गेलो. सांगायचं होतं ते वाटेत मनाशी जुळवलं होतं. ते ओट्यावर बसून नातवाच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचं तुटलेलं शिंग डकवत होते. मी सगळं सांगितलं. पेन्सिलीतले तास, ६१६चा हिशेब, गडवा, तो मुलगा. त्यांनी मधे कुठंही मला थांबवलं नाही, आणि झालं गेलं असंही म्हटलं नाही. शिंग बोटांत दाबून धरलेलं होतं. बऱ्याच वेळानं विचारलं,

"गडव्याच्या मागं पडदा कोणता लावता?"

"पांढरा. ऑफिसातला टेबलक्लॉथ आहे."

"पांढरा नका लावू सर. पितळ उठत नाही त्याच्यावर."

बैल खाली ठेवून ते आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात घडी घातलेलं, कडांना विटलेलं निळं कापड होतं.